पाठ दुखते म्हणून जगणे थांबले आहे का?



इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो की नागपूर, सत्संगाच्या कुठल्याही सभागृहात मागच्या भिंतीला लागून खुर्च्यांची एक रांग असते. पूर्वी त्या रांगेत सत्तरी ओलांडलेली मंडळी बसत. आता तिथे पस्तिशी-चाळिशीचे लोकही दिसतात. गुडघ्यांवर हात टेकवून, श्वास रोखून ते सावकाश खाली टेकतात आणि उठताना पुन्हा तेच करतात. सत्संग संपल्यावर भेटायला येतात तेव्हा बहुतेकांचा प्रश्न ध्यानाचा नसतो, मोक्षाचा तर नसतोच. ते विचारतात, "माझी पाठ बरी होईल का?" थोडे अधिक बोलू दिले की आतला खरा प्रश्न बाहेर येतो. "मी पुन्हा पहिल्यासारखा होईन का? नातवाला उचलता येईल का? पूजेला खाली बसता येईल का? की आता हे असेच चालायचे?"

आज याच प्रश्नाविषयी बोलू. हा शरीराचा प्रश्न, त्याचा अध्यात्माशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध फार जवळचा आहे. पतंजलींनी योगसूत्रांत साधनेच्या मार्गातले नऊ अडथळे सांगितले आहेत आणि त्यांत पहिले नाव व्याधीचे आहे. आळस, प्रमाद, संशय, भ्रम ही नावे नंतर येतात. पहिल्या अडथळ्याच्या पाठोपाठ 'स्त्यान' आहे. स्त्यान म्हणजे मनाची मरगळ, काहीच करावेसे न वाटणे. तिसरा अडथळा संशयाचा. ज्याची पाठ वर्षभर दुखते आहे त्याला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. आधी दुखणे येते, मग मरगळ येते, मग "आपल्याच्याने काही होणार नाही" हा संशय येऊन बसतो. लगेच पुढच्या सूत्रात पतंजली या अडथळ्यांचे चार सोबती सांगतात: दुःख, मनाचे खचणे, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास. पाठीत चमक भरली की श्वास कसा वरचेवर चालतो, हे आठवून पाहा.

बुद्धांचीही पाठ दुखत होती

पुष्कळ साधकांच्या मनात एक अपराधी भावना असते. "मी इतकी वर्षे साधना करतो, तरी मला हे का? माझे काहीतरी चुकत असणार." अशांनी मज्झिम निकायातले सेख सुत्त एकदा तरी वाचावे.

कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. त्याचा पहिला वापर भगवान बुद्धांनी करावा अशी त्यांची इच्छा होती. बुद्ध तिथे गेले आणि रात्री बराच वेळ त्यांनी उपदेश केला. मग ते आनंदाला म्हणाले की पुढचे तू सांग, माझी पाठ दुखते आहे, मी तिला विश्रांती देतो. आपले वस्त्र चौपदरी करून त्यांनी अंथरले आणि ते उजव्या कुशीवर पहुडले. आनंदाचा उपदेश संपल्यावर ते उठले आणि त्यांनी आनंदाला शाबासकी दिली.

ज्यांना सारे जग बुद्ध म्हणते त्यांची पाठ दुखत होती. ती दुखते हे त्यांनी भर सभेत सांगितले. लाज वाटली नाही, गाऱ्हाणे मांडले नाही, 'मी बोलतच राहीन' असा हट्टही केला नाही. जेवढी गरज होती तेवढे ते आडवे झाले आणि काम चालू राहिले. दुखऱ्या पाठीशी कसे वागावे याचा याहून चांगला वस्तुपाठ माझ्या वाचनात नाही.

बुद्धांनीच अन्यत्र दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, तो शरीराच्या वेदनेचा. त्याच जागी तो लगेच दुसरा बाण ओढवून घेतो, तो मनाचा. पहिला बाण ज्ञानी माणसालाही लागतो, दुसरा त्याला लागत नाही.

जुनाट पाठदुखीत हा दुसरा बाण अनेक रूपांनी येतो. "वाकलो तर मोडेन" ही भीती असते. "बादली उचलायला मुलाला हाक मारावी लागते" ही लाज असते. "मलाच का" हा राग असतो. सगळ्यांत चिवट रूप म्हणजे सतत राखण करणे. उठताना, बसताना, शिंकताना, गाडीत चढताना पाठ आवळून धरायची. रात्री कूस बदलायचीही धास्ती. महिनोन् महिने आवळून धरलेली पाठ त्या आवळण्यानेही दुखू लागते, आणि मूळ दुखणे कुठे संपले हे कळेनासे होते.

दोरी आणि साप

वेदान्तात दोरीवर साप दिसण्याचा दृष्टांत आपण शेकडो वेळा ऐकला आहे. आज तो जरा वेगळ्या जागी लावून पाहू.

पाठ दुखते म्हणून एमआरआय काढला जातो. अहवालात लिहिलेले असते की गादी बाहेर आली आहे, गादी झिजली आहे, अमुक मणक्यात बदल आहेत. हे शब्द वाचले की माणसाच्या डोळ्यांसमोर मोडकळीला आलेली भिंत उभी राहते. त्या दिवसापासून तो तसाच चालू लागतो. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांना पाठदुखीचा काहीही त्रास नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. मुळीच पाठ न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांतही ३७ टक्क्यांच्या गाद्यांमध्ये झीज दिसली. पन्नाशीत ते प्रमाण ८० टक्के होते आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के. म्हणजे ज्याला आपण 'झीज' म्हणून घाबरतो तो पुष्कळदा डोक्यावरच्या पांढऱ्या केसांसारखा बदल असतो, फक्त आतला. दोरी खरी आहे, अहवाल खोटा नाही. पण दर वेळी ती साप असतेच असे नाही.

मग दुखते का? वेदना खोटी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. कुणाच्याही वेदनेला 'मनाचे खेळ' म्हणणे हे क्रौर्य आहे. पण वेदना किती झाली यावरून इजा किती झाली हे ठरत नाही. पाठीचा लचकलेला स्नायू किंवा दुखावलेला सांधा साधारणपणे काही आठवड्यांत भरून येतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या दुखण्याला वैद्यक जुनाट म्हणते. अशा दुखण्यात मज्जासंस्थाच जास्त हळवी झालेली असू शकते. सोसायटीत एकदा चोरी झाली की त्यानंतर वॉचमन मांजर आले तरी शिट्टी फुंकतो, तसेच हे. शिट्टी खरी असते, झोप खरोखरच मोडते, पण चोर आलेला नसतो. अशा वॉचमनला रागावून उपयोग नाही आणि घराची दारे कायमची लावून घेण्यातही अर्थ नाही. रोजची येजा पुन्हा सुरू झाली, काही वाईट घडत नाही हे त्याला दिसत राहिले, की हळूहळू तो शांत होतो.

म्हणूनच जगभरातले वैद्यक आज अंथरुणावर पडून राहा असे सांगत नाही. एके काळी सांगत असे. आपल्या घरांतही फळीवर झोपवून ठेवण्याची रीत होती. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या १८६ कामगारांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या सर्वांना नुकतीच कंबरदुखी सुरू झाली होती. काहींना दोन दिवस अंथरुणात ठेवले, काहींना पाठीचे ठरावीक व्यायाम दिले आणि काहींना सांगितले की सोसेल तेवढी रोजची कामे करत राहा. सर्वांत लवकर सावरले ते हे तिसरे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायामाची, दुखणे समजून घेण्याची आणि मानसोपचाराच्या मदतीची शिफारस आहे. कमरेचे पट्टे आणि ताण देण्याचे उपचार सरसकट देऊ नयेत असेही त्यांत म्हटले आहे. किती घरांच्या कपाटांत हे पट्टे घडी करून ठेवलेले आहेत!

यामागे शरीराची एक साधी गोष्ट आहे. मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडला की तिच्यातून पाणी थोडे बाहेर जाते, दाब सुटला की ती ते पुन्हा शोषते. रात्रभर आडवे राहिल्यावर सकाळी आपली उंची सेंटिमीटरभराने जास्त भरते, ती याचमुळे. या गादीला हालचाल हवी असते. आपल्या योगग्रंथांनी ज्या मेरुदंडात सुषुम्ना कल्पिली, तो काही घट्ट रोवलेला खांब नाही. पाठकण्याचे चोवीस मणके हलण्यासाठीच एकमेकांवर रचलेले आहेत.

कधी साप खराही असतो

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दृष्टांत ऐकून कुणी डॉक्टरांकडे जायचे टाळले तर तो दृष्टांत वाया गेला.

पाठदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटत असेल, बसण्याच्या जागेत बधिरपणा आला असेल, पायातली शक्ती कमी होत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. उद्याची वाट पाहायची नाही. ताप येतो, वजन घटते, रात्री घाम फुटतो आणि पाठ रात्रीही ठणकते, तर तपासणी हवी. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो आणि तो औषधांनी बरा होतो, मात्र वेळेवर ओळखला पाहिजे. पूर्वी कर्करोग झालेला असेल, मोठी पडझड किंवा अपघात झाला असेल, हाडे ठिसूळ झाली असतील, तरीही आधी डॉक्टर. अशा वेळी घरी बसून नुसता जप करत राहणे ही श्रद्धा नव्हे. रुग्णालयाच्या वाटेवर जप करावा, जरूर करावा.

बहुसंख्य लोकांच्या बाबतीत तपासणीनंतर यांतले काही निघत नाही. "काही विशेष नाही" असे डॉक्टर म्हणतात. हे ऐकून आनंद व्हायला हवा, पण पुष्कळांना अपमान झाल्यासारखे वाटते. काही विशेष नाही याचा अर्थ दुखत नाही असा नसतो. याचा अर्थ एवढाच की आता चालायला भिण्याचे कारण उरलेले नाही.

"माझे प्रारब्धच असे"

आता साधकांच्या खास आजाराकडे येऊ. इतर लोक दुखण्याला कंटाळून चिडतात. आपण दुखण्याला तत्त्वज्ञान चिकटवतो. "भोग आहे, भोगून संपवायचा." ऐकायला हे वैराग्यासारखे वाटते. जरा खरवडून पाहिले तर पुष्कळदा खाली भीतीच निघते.

योगवासिष्ठात वसिष्ठ मुनी श्रीरामांना दैव आणि पुरुषार्थ यांच्याविषयी सांगतात. त्यांचे म्हणणे असे की हे दोघे झुंजणाऱ्या एडक्यांसारखे आहेत. जो बलवान तो जिंकतो. मागच्या कर्माचा एडका असेल, पण आजच्या प्रयत्नाचाही एक एडका तुमच्याच दावणीला आहे. त्याला उपाशी ठेवून दैवाला दोष देणे वसिष्ठांना मान्य नाही. पाठ दुखणे प्रारब्धात असेल, तर चांगला फिजिओथेरपिस्ट भेटणे आणि त्याने सांगितलेले रोज करण्याची बुद्धी होणे, हेही प्रारब्धातच का असू नये?

दुसरी बाजूही पाहू, कारण काही साधक उलट टोकाला जातात. दुखत असताना दात-ओठ खाऊन पद्मासनात बसतात, एकशे आठ सूर्यनमस्कारांचा संकल्प करतात आणि तिसऱ्या दिवशी उसण भरून पडतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी शरीराला हट्टाने कष्टविणाऱ्या तपाला आसुरी म्हटले आहे. त्यात दंभ असतो, अहंकार असतो, असेही ते सांगतात. जमिनीवर मांडी घालून बसण्याचा अहंकार फार सूक्ष्म असतो. खुर्चीवर बसून केलेले ध्यान कमी प्रतीचे, असे पतंजलींनी कुठेही म्हटलेले नाही. आसन स्थिर असावे आणि सुखाचे असावे, एवढ्या दोनच अपेक्षा त्यांनी ठेवल्या आहेत. खुर्चीत त्या पुऱ्या होत असतील तर खुर्ची हेच तुमचे आसन.

थोडे, पण रोज

मग करायचे काय? अभ्यास. तो दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने करावा, असे पतंजली सांगतात. या तीन अटींतली तिसरी आपण विसरतो. पाठीचे व्यायाम लोक शिक्षा भोगल्यासारखे करतात. पूजेची भांडी घासताना जो भाव असतो तो इथे आणून पाहावा.

बहुतेकांची चूक मात्र दुसऱ्या अटीत होते. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकायची. माळा आवरायचा, बाजार करायचा, गाद्या उन्हात टाकायच्या. मग पुढचे तीन दिवस अंथरुणात. चौथ्या दिवशी पुन्हा बरे वाटते आणि चक्र सुरू. यात शरीराला एकच शिकवण मिळते की काम केले की शिक्षा होते. यावर उपाय असा की किती करायचे हे दुखण्याने ठरवू नये, आधीच ठरवलेल्या मापाने ठरवावे. समजा तुम्ही आठ मिनिटे बऱ्यापैकी चालू शकता. तर सहा मिनिटांपासून सुरुवात करा. चांगल्या दिवशीही सहाच. वाईट दिवशीही सहाच, सावकाश. दोन-तीन दिवसांनी एक मिनिट वाढवा. ऐकायला हे पोरकट वाटते. पण या वेगानेही अडीच-तीन महिन्यांत अर्धा तास चालणे होते, आणि ज्याने दोन वर्षांत कोपऱ्यावरचे दुकान पाहिलेले नाही त्याला अर्धा तास म्हणजे काय ते विचारा.

चालण्याला खर्च नाही, साधन नाही, वयाची अट नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना टप्प्याटप्प्याने चालणे वाढवत नेण्यास शिकवले आणि पाठीविषयी समजावून सांगितले. ध्येय होते आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी अर्धा तास. न चालणाऱ्यांच्या गटात दुखणे परतायला मध्यमानाने ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांच्या गटात २०८ दिवस. दुखणे कधीच परतले नाही असे नाही, हे नीट ऐका. उशिरा परतले.

योगाचीही हीच कथा आहे. इंग्लंडमध्ये ३१३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना बारा आठवडे योगाचे वर्ग दिले. त्यांची रोजची कामे करण्याची क्षमता इतरांपेक्षा वाढली आणि वर्षभरानंतरही ती जास्त होती. पण वेदना किती, या मोजमापात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपण वेदना संपण्याची वाट पाहत जगणे थांबवून ठेवतो. इथे लोकांची वेदना पुष्कळशी तेवढीच राहिली आणि जगणे पुढे गेले. सुटकेचा क्रम आपण समजतो तसा नसावा. आधी पाऊल सुटते, वेदनेची पकड मग कधीतरी सैल होते. काहींची पूर्ण सुटते, काहींची नाही.

उसण पुन्हा भरेल, हे धरूनच चाला. ती भरली की "सगळे वाया गेले" असे म्हणू नका. दोन दिवस माप निम्मे करा, शेक घ्या, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या आणि मग पुन्हा मूळ मापाकडे या. कळ पायात उतरत असेल तर मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून पुढे वाकण्याची आसने ओढूनताणून करू नका. जाणकार शिक्षकासमोर करा.

दोन पाठी

पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे नाव तुम्हाला ठाऊक आहे. साठी उलटल्यावर, १९७९ मध्ये त्यांना स्कूटरचे अपघात झाले. पाठीचा कणा, खांदे, गुडघा दुखावले. ज्यांच्या आसनांची छायाचित्रे जगभर प्रमाण मानली जात होती, त्यांना साधी आसनेही नवशिक्यासारखी पुन्हा शिकावी लागली. गेलेले बरेचसे परत मिळवायला त्यांना काही वर्षे लागली. दोर, ठोकळे, खुर्च्या, लोड यांचा आधार घेऊन आसन करण्याची पद्धत त्यांनीच रुजवली होती, आणि अशा आधाराला त्यांनी कधी कमीपणा मानला नाही. २०१४ मध्ये वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले आणि उतारवयातही त्यांचा अभ्यास चालू होता.

दुसरी पाठ बाबा आमटे यांची. वरोऱ्याजवळ आनंदवन उभे करणारे बाबा. त्यांच्या मणक्यांच्या आजाराने पुढे त्यांना बसणे अशक्य केले. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. खुर्ची नाही, मांडी नाही. हे दुखणे त्यांचे बरे झाले नाही. याच पाठीसह ते सत्तरीत, १९८५ मध्ये, 'भारत जोडो' यात्रेसाठी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण मुले सायकलींवर होती आणि बाबा सोबतच्या वाहनात आडवे. मुक्कामी उभे राहून बोलायचे, मग पुन्हा आडवे. १९८८ मध्ये ईशान्येकडून गुजरातपर्यंत तशीच दुसरी यात्रा. नंतर नर्मदाकाठी कसरावदला मुक्काम.

एकाची पाठ पुष्कळ सावरली, दुसऱ्याची सावरली नाही. सक्रिय जीवन म्हणाल तर दोघांचेही. तुमची पाठ यांतल्या कुणाच्या वाटेने जाईल हे आज कुणी सांगू शकणार नाही, आणि सुरुवात करण्यासाठी ते कळण्याची गरजही नाही.

घरच्या मंडळींसाठी

घरात पाठदुखीचा रुग्ण असला की घरचे दोन प्रकारे वागतात. एक प्रकार, "तू काही उचलू नकोस, तू उठू नकोस." प्रेमापोटीच हे होते, पण आईच्या हातातले लाटणेसुद्धा काढून घेतले की तिला आपण निरुपयोगी झालो असे वाटू लागते. तिला पोळ्या करू द्या. ओटा उंचीला बरोबर नसेल तर तो बघा. एक पाय छोट्या पाटावर ठेवून उभे राहिल्याने तिला बरे वाटते का ते बघा. पंधरा पोळ्या होत नसतील तर पाच होऊ द्या.

दुसरा प्रकार अधिक वाईट. "दिसायला तर धडधाकट आहे, नाटकं करते." पाठदुखी रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, प्लास्टरमध्येही घालता येत नाही. म्हणून ती सिद्ध करण्याचे ओझे दुखणाऱ्यावरच पडते. विशेषतः सुनांच्या वाट्याला हे फार येते. ज्या घरात रोज आरती होते आणि त्याच घरात एका दुखणाऱ्या बाईवर विश्वास ठेवला जात नाही, त्या आरतीचे काय करायचे ते त्या घराने ठरवावे.

सेवेच्या ठिकाणी आपणही थोडे शहाणे व्हायला हवे. भंडाऱ्यात मोठे पातेले एकट्याने उचलणे हा भक्तीचा पुरावा नव्हे. चौघे मिळून उचला. ज्याला उभे राहवत नाही त्याला भाजी चिरायला द्या, ज्याला बसवत नाही त्याला दारात उभे राहून स्वागत करू द्या. "तुम्ही आराम करा" असे म्हणून कुणाला सेवेतून वगळू नका. काहींचे औषधच ते असते.

वारीला जाता येईल का?

हा प्रश्न दर वर्षी वैशाखात येतो, बाहेरच्या राज्यांतून तर हमखास. बंगळूरु, भोपाळ, दिल्लीकडे स्थायिक झालेली मराठी मंडळी विचारतात, "एकदा तरी चालायचे होते, आता या पाठीने कसे?"

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. ते एका दमात मनाशी धरू नका. दिवाळीनंतर रोजचे चालणे सुरू करा, वर सांगितले त्या मापाने. माघापर्यंत अर्धा तास, चैत्रापर्यंत सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास होतो का पाहा. जे बूट वारीत घालायचे तेच घालून चाला. पाठीवर पिशवी घेण्याचा सराव रिकाम्या पिशवीने सुरू करा. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा लांब टप्पा पहिल्या वर्षी सोडून द्या, त्यानंतरचा एखादा छोटा टप्पा धरा. जेजुरी ते वाल्हे बरा. एक दिवस चाला आणि संध्याकाळी एसटीने परत या. डॉक्टरांना आधी विचारा, सोबत कुणाला तरी घ्या, आणि विसाव्याला दिंडी थांबली की लाजू नका, चादर अंथरून आडवे व्हा. तुमच्या आजूबाजूला शेकडो वारकरी तेच करत असतील.